कॅनन (व्हिडिओ गेम मालिका)

व्हिडिओ गेमच्या मालिकेत जे ‘खरोखर घडले’ असे धरून पुढची कथा रचली जाते, त्या भागाला कॅनन म्हणतात. मराठीत ‘प्रमाणकथा’ हा शब्द जवळचा आहे, पण खेळणारी मुले कॅननच म्हणतात. शब्द मुळात ख्रिस्ती धर्मग्रंथांच्या मान्य यादीचा. शेरलॉक होम्सच्या वाचकांनी तो कॉनन डॉयलच्या 56 कथा आणि 4 कादंबऱ्यांना लावला आणि तिथून तो सगळ्या कल्पितविश्वांत पसरला.

कोकणात वाढलेल्याला ही कल्पना दशावतारावरून चटकन समजते. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की सिंधुदुर्गात गावोगाव रात्रभर दशावतार चालतो. नाटकाची छापील संहिता नसते. आख्यान ठरते, आणि राजपार्टी, स्त्रीपार्टी, संकासूर आपापले संवाद उभ्या उभ्या रचतात. दुर्योधन काय बोलेल ते त्या रात्रीच्या नटावर, पण शेवटी कोण हरणार हे सभामंडपातल्या पोरालाही पाठ असते. आख्यान म्हणजे कॅनन. नटाने घातलेली भर कितीही रंगली तरी दुसऱ्या गावच्या जत्रेला ती बंधनकारक नसते. परशुरामाने समुद्र बाणाने हटवला की परशू फेकून, याचीही दोन रूपे कोकणात सुखाने नांदतात. त्यांचा निकाल लावण्याची वेळ कधी येत नाही, कारण दोन्हींच्या अखेरीस भूमी तीच वर येते.

गेमच्या मालिकेत मात्र निकाल लावावाच लागतो. तिथे शेवट खेळणाऱ्याच्या हातात असतो, आणि दुसरा भाग पहिल्याच्या शेवटापासून सुरू होतो. 1996 च्या ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये क्रिस किंवा जिल यांपैकी एकाला निवडून खेळायचे असते. जिलच्या वाटेवर त्यांची सहकारी रेबेका भेटत नाही, क्रिसच्या वाटेवर दुसरा सहकारी बॅरी भेटत नाही. पुढच्या भागांनी मात्र चौघेही वाचले असे धरले. म्हणजे मालिकेचा प्रमाण शेवट मूळ खेळात कुणालाच खेळता येत नाही. ‘ड्यूस एक्स’ (2000) चे तीन शेवट होते. त्याच्या पुढच्या भागाने, ‘इनव्हिजिबल वॉर’ (2003) ने, तिन्हींचे अंश एकत्र केले. ‘डॅगरफॉल’ (1996) चा तोडगा सर्वांत धीट म्हणावा लागेल: काळच मोडला आणि परस्परविरोधी सगळे शेवट एकाच वेळी खरे ठरले, असे ‘एल्डर स्क्रोल्स’च्या पुढच्या भागांतल्या ग्रंथांत लिहून ठेवले आहे. ‘मास इफेक्ट’ने वेगळी वाट धरली. आधीच्या भागातली सेव्ह फाइल, म्हणजे खेळातल्या निवडींची साठवलेली नोंद, पुढच्या भागात आणता येते, त्यामुळे ज्याचा त्याचा नायक शेपर्ड ज्याच्या त्याच्यासाठी खरा.

ठरवते कोण, हा वादाचा मुद्दा. कायद्याने हक्क कंपनीचा. डिस्नेच्या ताब्यात आल्यावर 2014 मध्ये लुकासफिल्मने ‘स्टार वॉर्स’च्या जुन्या विस्तारित विश्वाला, म्हणजे चित्रपटांबाहेरच्या कादंबऱ्या, कॉमिक्स आणि खेळांना, ‘लीजेंड्स’ असे नाव देऊन बाजूला काढले; ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’ (2003) सारखा अप्रतिम खेळही त्यातच गेला. परंतु घोषणेपेक्षा पुढचा खेळ अधिक वजनदार असतो. ‘मेटल गिअर’चा ‘स्नेक्स रिव्हेंज’ (1990) कोनामीनेच काढला, पण मालिकेचा जनक हिदेओ कोजिमा याच्याविना. कोजिमाने त्याच वर्षी आपला ‘मेटल गिअर 2’ केला आणि नंतरची मालिका त्यावरच उभी राहिली. ‘स्नेक्स रिव्हेंज’ कुणी जाहीरपणे बाद केला असता किंवा नसता, तरी त्याच्यावर पुढे काही बांधले गेले नाही, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते हीच कॅननची खरी कसोटी आहे.

‘लीजंड ऑफ झेल्डा’ या मालिकेचा बाज आख्यानासारखा आहे: लिंक, झेल्डा आणि बहुधा गॅनन, तीच पात्रे पुन्हा पुन्हा नव्याने उभी राहतात. तरी चाहते क्रम मागत राहिले. निन्टेंडोने 2011 च्या अखेरीस जपानमध्ये ‘हायरूल हिस्टोरिया’ हा ग्रंथ काढला आणि ‘ओकारिना ऑफ टाइम’ (1998) नंतर काळाच्या तीन शाखा दाखवल्या. त्यांतली एक शाखा नायक हरल्यावरची आहे. खेळणारा ज्याला ‘गेम ओव्हर’ म्हणून सोडून देतो, त्या क्षणातून मालिकेचे कितीतरी भाग निघाले असे ग्रंथ सांगतो. ही जोड मागाहून लावलेली दिसते. अशा मागाहून केलेल्या दुरुस्तीला रेटकॉन म्हणतात.

निवड दिली आणि मग परत घेतली, की चाहते सर्वाधिक दुखावतात. ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’ (2018) मध्ये अलेक्सिऑस किंवा कॅसांड्रा, कुणीही होता येते. या खेळावरच्या कादंबरीत मात्र नायिका कॅसांड्राच ठरली आणि डिसेंबर 2021 मध्ये मालिकेच्या पुढच्या ‘वल्हाला’ या भागाला जोडलेल्या कथेत तीच अवतरली. ज्याने अख्खा ग्रीस अलेक्सिऑस होऊन पालथा घातला, त्यालाही तिथे भेटते ती कॅसांड्राच.