अचानक ऑपरेशन झालं, आता पेशंट घरी येतोय

ठरवून केलेल्या ऑपरेशनसाठी घर आधीच सावरून ठेवता येतं. आतडं फुटलं, हर्निया अडकला म्हणून रात्री दोनला पोट उघडावं लागलं, तर तयारीला वेळ कुठला? त्यात डिस्चार्जच्या दिवशी कॅशलेसच्या कागदांत संध्याकाळ होते आणि घरी पोचताच पहिली रात्र समोर उभी राहते. आम्ही घरी नर्सिंग सेवा देतो; आम्हाला घाबरून फोन येतात ते याच रात्री. म्हणून हे पत्रक आदल्या दिवशीच वाचा.

सगळ्यात जास्त घोळ गोळ्यांचा. डिस्चार्ज कार्डावर ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा. एसओएस म्हणजे गरज पडली तरच. पण खरी अडचण जुन्या गोळ्यांची असते. बीपीची, शुगरची, रक्त पातळ करायची गोळी ऑपरेशनसाठी थांबवलेली असू शकते. ती परत कधी सुरू करायची, हे वॉर्ड सोडण्याआधी डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. तोंडी सांगितलेलं त्या गडबडीत कुणाच्या लक्षात राहत नाही. आणखी एक, घरच्या डब्यातली ॲसिडिटीची गोळी आणि हॉस्पिटलच्या पिशवीतली गोळी, नावं वेगळी, आत दोन्हीकडे एकच औषध, पँटोप्राझोल! आमची सिस्टर पहिल्यांदा येईल तेव्हा दोन्ही पिशव्या तिच्यापुढे ओता.

पेशंटला हात धरून सरळ ओढून उठवू नका, टाक्यांवर ताण येतो. गुडघे दुमडून आधी कुशीवर वळवा, पाय पलंगाखाली सोडा, मग कोपरावर भार देऊन त्यांनाच उठू द्या. खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धरायची. फुप्फुसांच्या व्यायामाच्या तीन चेंडूंच्या यंत्रात फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो. दिवसातून चार-पाच वेळा घरातल्या घरात चालवा. पाण्याची कळशी, सिलिंडर, नातवंडं, काहीही उचलणं साधारण सहा आठवडे बंद. जखमेवर हळद नको. डिंकाचे लाडूही सर्जनना विचारूनच. ट्रामाडॉलसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी आधीच पोट साफ होत नाही. पोटावर स्टोमाची (शौचासाठी पोटावर केलेल्या तोंडाची) पिशवी असेल तर एक तृतीयांश भरली की रिकामी करा, नाहीतर वजनाने सुटून येते.

ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर, टाक्यांतून पू, थांबत नाहीत अशा उलट्या, पोट फुगून वायू न सरणं, एकाच पायाची पोटरी सुजणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी सर्जनना गाठा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर आम्हाला फोन करत बसू नका, 108 लावा.

आमच्याकडे पलंग, कमोड खुर्ची भाड्याने मिळते. मावशी बारा तासांसाठी येतात. पण अपेंडिक्स दुर्बिणीतून निघालं असेल आणि पेशंट चालता-फिरता असेल, तर पलंगावर पैसे घालवू नका. घरात भारतीय संडास असेल तर खुर्ची मात्र घ्याच. टाके काढायला सिस्टर घरी येते, पण सर्जनच्या चिठ्ठीशिवाय टाक्यांना हात लावत नाही. चिठ्ठी डिस्चार्जच्या वेळीच मागून ठेवा.