पिंगुळीची चित्रकथी

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळलगतच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाने जपलेली, चित्रे दाखवत आख्यान लावण्याची परंपरा. एका आख्यानाच्या चित्रसंचाला ‘पोथी’ म्हणतात. पोथीत साधारणतः तीस ते पन्नास चित्रे असतात. कागद अंदाजे ३० × ४० सेंमी.चा, आणि दोन-दोन चित्रे पाठीला पाठ लावून डकवलेली. आख्यान पोथीत लिहिलेले नसते, ते सांगणाऱ्याला मुखोद्गत असते.

पट दाखवून पोट भरणारे लोक संस्कृत वाङ्मयात बरेच आधीपासून दिसतात. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकात चाणक्याचा हेर यमपट (यमलोकाची चित्रे असलेला पट) घेऊन घरोघर हिंडतो. बाणाच्या ‘हर्षचरिता’त (सातवे शतक) भर बाजारात, मुलांच्या घोळक्यात परलोकाची हकिकत सांगणारा यमपट्टिक, म्हणजे यमपट दाखवणारा, येतो. ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ (बारावे शतक) चित्रकथकाची दखल घेतो. या उल्लेखांपासून थेट पिंगुळीपर्यंत रेषा ओढण्याचा मोह अभ्यासकांना सहसा आवरत नाही. मधल्या शतकांचा दुवा मात्र कच्चा आहे. ठाकरांनी शिवकाळात हेरगिरी केली, अशी समाजातील मौखिक परंपरा आहे. तिला ‘मुद्राराक्षसा’तील हेराचा आधार देणे ओढूनताणून वाटते. सावंतवाडी संस्थानाने त्यांना देवळांतून खेळ करण्याचे हक्क दिले, ही परंपरा अधिक विश्वसनीय मानावी लागेल. उपलब्ध जुनी चित्रे बहुधा अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील असावीत.

दुसरा वाद शैलीच्या गावाचा. पैठण परिसरातून संग्राहकांच्या हाती आलेल्या चित्रांमुळे ‘पैठण शैली’ हे नाव रूढ झाले. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी चित्रे आहेत. कलेतिहासकार अॅना दालापिकोला यांच्या १९८० मधील जर्मन ग्रंथानेही हेच नाव पत्करले. जर्मन अभ्यासक व्हालेंटिना श्टाखे-रोझेन यांनी १९८४ च्या लेखात मात्र ‘पिंगुळी चित्रे’ म्हटले. फिरस्त्यांची चित्रे जिथे विकली गेली तिथलीच समजणे धोक्याचे. शिवाय पोथीतील आकृती आणि ठाकरांच्याच चामड्याच्या बाहुल्या यांतले साम्य डोळ्यांत भरते. त्यामुळे पिंगुळीचा पक्ष सरस वाटतो. निदान पोथीवर आख्यान लावणारी माणसे टिकली ती इथेच.

चेहरे एका बाजूने काढलेले, डोळा मात्र समोरून पाहावा तसा पुरता, टपोरा. युद्धप्रसंगी दोन्हीकडचे वीर आमनेसामने, आणि मधल्या मोकळ्या जागेत नुसते बाणच बाण. मुख्य निवेदक चित्र पुढ्यात उभे धरून गातो-सांगतो. साथीला वीणा, टाळ आणि हुडूक (डमरूसारखे चर्मवाद्य). विषय रामायण-महाभारतातले, त्यांतही लढाई आणि मायावी विद्या यांना झुकते माप. अहिरावण-महिरावणाच्या आख्यानात राम-लक्ष्मणांना पाताळात पळवून देवीपुढे बळी देण्याचा घाट घातला जातो. देवचार आणि राखणदार (गावाच्या अदृश्य रक्षक शक्ती) आणि देवापुढचे गाऱ्हाणे ज्या मुलखात रोजच्या व्यवहारात आहेत, तिथल्या श्रोत्यांना यातले फारसे काही समजावून सांगावे लागत नसणार. पोथी स्वतः पूज्य असते. जीर्ण झालेली पोथी वाहत्या पाण्यात सोडण्याची चाल होती, असे सांगतात. तसे असेल तर जुने संच संग्रहालयांत सापडतात आणि गावात विरळा, याचा उलगडा होतो.

कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ, पांगुळ (पहाटे गात दान मागण्याचा प्रकार), राधानृत्य हेही याच समाजाचे. फिरतीचा हा जगण्याचा प्रकार सरकारी याद्यांत नीट बसला नाही. राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत ‘ठाकर’ आहेत. अनुसूचित जमातींच्या यादीतही ‘ठाकूर, ठाकर’ आहेत, पण ती नोंद पूर्वी अहमदनगर, कुलाबा, नाशिक, पुणे, ठाणे या जिल्ह्यांतील ठरावीक तालुक्यांपुरती होती. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने ही क्षेत्रमर्यादा उठली. त्यानंतर जमातीच्या दाखल्यांची पडताळणी, आणि तीत चालीरीती, देवदेवता, कला यांवरून जमात ओळखण्याची ‘आप्तभाव चाचणी’, यांवर दीर्घ लढे झाले. ही चाचणी निर्णायक कसोटी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये ठाकूर जमातीच्याच प्रकरणात स्पष्ट केले.

पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी २००६ मध्ये गुरांच्या गोठ्यात ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभे केले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. नवी चित्रे आता सुटी, भिंतीवर लावण्यासाठीही काढली जातात.