बेस गिटार हातात बसते ती रात्री झोपेत

माझा भाचा खानापूरला असतो. गेल्या वर्षी पावसाळ्यात त्यानं सेकंडहँड बेस गिटार घेतली आणि तिसऱ्याच आठवड्यात फोन, "मामा, विकून टाकू काय? महिना होत आला, चार सूर सलग वाजेनात, बोटं तर सोलून निघालीत." मी म्हटलं विकायचं मग बघू, आधी रविवारी बेळगावला ये, आणि येताना बेस घेऊन ये.

टिळकवाडीत आमच्या माडीवर बसलो दोघं. पोरगं पहिल्या चार फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या दांड्यावर आडव्या धातूच्या पट्ट्या असतात त्यांवर, चार बोटं ताणून ठेवायला बघत होतं, तिथंच निम्मं दुखणं कळलं. साध्या इलेक्ट्रिक गिटारची तार साधारण ६४८ मिलीमीटर लांब, बेसची ८६४, म्हणजे ३४ इंच. त्यामुळं बेसवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत जवळजवळ १३ सेंटीमीटर अंतर पडतं, तेच पाचव्यापासून आठव्यापर्यंत १० सेंटीमीटर. मग सुरुवात पाचव्या फ्रेटवरून का करू नये? आणि पहिल्या फ्रेटांवर वाजवायचंच असेल तर उभा डबल बेस, म्हणजे ते माणसाएवढं व्हायोलिनसारखं वाद्य, वाजवणारे तर्जनी पहिलं धरून पहिलं, दुसरं आणि चौथंच बोट वापरतात, तिसरं नुसतं चौथ्याला आधार देतं. शंभर वर्षांहून जुनी पद्धत आहे ही, यात कमीपणा काही नाही.

तिसऱ्या बोटाचं तर वेगळंच आहे. तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट आत दुमडा आणि आता अनामिका उचलून बघा, उचलत नाही. बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराखाली हातात असतात, तिथून दोऱ्यांसारखे कंडरे बोटांपर्यंत येतात आणि हाताच्या पाठीवर ते एकमेकांना आडव्या पट्ट्यांनी जोडलेले असतात. म्हणून अनामिका एकटी चालायला कुरकुर करते, सगळ्यांचीच करते. त्यात तारा जाड. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात ती वजन वाढवून आवाज खाली उतरवायला, बेसची सगळ्यात खालच्या सुराची ई तार जाड असते ती पण त्याचसाठी, आणि एकेका तारेवर सोळा ते वीस-बावीस किलोचा ताण असतो. कातडी दबली की शरीर वरच्या थरात केराटिन वाढवतं, घट्टे पडतात, पण त्याला काही आठवडे जातात, घाई करून फोड फुटले की परत पहिल्यापासून. आणि मनगट किंवा कोपर दुखलं तर मात्र लगेच थांबायचं, ते दुखणं बोटाच्या आगीसारखं नसतं.

पण मला त्याला खरं सांगायचं होतं ते मेंदूचं.

२००२ मध्ये हार्वर्डमध्ये मॅथ्यू वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उजव्या हाताच्या लोकांना डाव्या हाताच्या चार बोटांनी ४-१-३-२-४ असा क्रम कीबोर्डवर दाबायला लावला, म्हणजे बघा, जवळजवळ बेसचाच सराव. सकाळी शिकून संध्याकाळी परत बघितलं तर वेगात म्हणावा असा फरक नाही. पण मधे एक रात्र झोप झाली की वेग साधारण २० टक्क्यांनी वाढलेला, आणि चुका वाढल्या नाहीत. कुणी वेगळा सराव केला नव्हता, नुसते झोपले होते. त्याआधी १९९५ मध्ये आणखी एका प्रयोगात लोक रोज १० ते २० मिनिटं असाच बोटांचा क्रम करत होते, काही आठवड्यांनी तो क्रम करताना मेंदूच्या हालचालीच्या भागात आधीपेक्षा जास्त जागा कामाला लागलेली दिसली. मेंदू असं हळूहळू घर बांधतो, भिंत आज रचली तर पाणी मारून वाळायला दिवस द्यावेच लागतात ना!

भाचा काय करत होता, तर रविवारी चार तास बसायचा आणि बाकी आठवडा बेस कोपऱ्यात. चौथ्या तासाला हात दमलेला, तेच कानाला वाईट लागणार आणि तेच वाटणार की आपल्याला जमत नाही. त्यापेक्षा रोज २० मिनिटं, मेट्रोनोम, म्हणजे ठेका देणारं यंत्र, मिनिटाला ५० ठोक्यांवर, आणि रात्री पुरेशी झोप. इतकं हळू का, तर चुकीची हालचाल पण त्याच वाटेनं पक्की होते, मेंदू बरोबर-चूक निवडून ठेवत नाही.

अजून एक, तो मोबाईलच्या स्पीकरवर गाणं लावून त्याबरोबर वाजवत होता. मोकळ्या ई तारेचा सूर ४१ हर्ट्झचा, मोबाईलचा एवढासा स्पीकर तो काढूच शकत नाही, आपण ऐकतो ते त्याच सुरात मिसळलेले बरेच वरचे स्वरांश, त्यावरून खालचा सूर मेंदू स्वतः भरून घेतो. नवख्या माणसाला त्यात बेस शोधायचा म्हणजे धुक्यात चोर्ला घाट चढण्यासारखं. हेडफोन दिले तेव्हा पोरगं दोन मिनिटं गप्पच बसलं, मग म्हणालं, "मामा, हे इतका वेळ वाजतच होतं होय?"

आता परत पाऊस लागलाय. परवा फोन आला होता त्याचा, खानापूरच्या दमट हवेत तारांना गंज चढलाय म्हणे, नवीन सेट बेळगावात कुठं मिळेल विचारत होता.