एकाच खुर्चीची दोन तिकिटं

"दादा, फक्त चार ओळी आहेत, पाहून घ्या ना," म्हणत ऑफिसातल्या धाकट्या सहकारिणीने कोडमधला एक बदल माझ्याकडे तपासायला पाठवला. नागपुरातली मे महिन्यातली दुपार, बाहेर ऊन मी म्हणत होतं. त्या चार ओळींपाशी मी कूलरसमोर दीड तास बसलो.

आम्ही एका उपकरणासाठी छोटी फाइलसिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवणारी व्यवस्था, सांभाळतो. डिस्कवरची कोणती जागा भरलेली आणि कोणती मोकळी, हा हिशेब तिला सतत ठेवावा लागतो. त्यासाठी डिस्कचे ठरावीक मापाचे ब्लॉक पाडतात, बहुधा ४०९६ बाइटचे, आणि दर ब्लॉकमागे एक बिट ठेवतात : ० म्हणजे मोकळा, १ म्हणजे भरलेला. देशपांडे सभागृहात नाटक लागलं की तिकीट खिडकीवर खुर्च्यांचा प्लॅन असतो ना, अगदी तसंच. एका बाइटमध्ये ८ बिट असतात, म्हणून एका ब्लॉकमध्ये ३२,७६८ बिट मावतात, म्हणजे ४ केबीच्या एका नकाशावर १२८ एमबी जागेचा हिशेब राहतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची ईएक्सटी४ फाइलसिस्टीमही असाच नकाशा ठेवते.

२१ क्रमांकाचा बिट शोधायचा तर २१ ला ८ ने भागायचं. भागाकार २, बाकी ५ : बाइट क्रमांक २, त्यातला बिट क्रमांक ५. जुन्या कोडमध्ये हे गणित जागोजागी हाताने लिहिलेलं होतं. तिने ते काढून तयार फंक्शन बसवलं, आणि ते मला मनापासून आवडलं. शिवाय तिने बाइटांचा क्रम पाळणारं फंक्शन निवडलं होतं. आपण 'एकवीस' म्हणताना एक आधी उच्चारतो, लिहिताना मात्र दोन आधी. संगणकांचेही असे दोन पंथ आहेत : काही लहान बाइट आधी ठेवतात, काही मोठा. क्रम न पाळणारं फंक्शन वापरलं, तर मोठा बाइट आधी ठेवणाऱ्या ६४ बिटी यंत्रावर तोच बिट बाइट २ ऐवजी बाइट ५ मध्ये पडतो. मग एका यंत्रावर लिहिलेली डिस्क दुसऱ्यावर वाचताना सगळा नकाशा चुकतो.

मी अडलो ते त्या फंक्शनच्या नावाआधीच्या दोन अधोरेखांवर (__). लिनक्समध्ये बिट तपासून लगेच भरणारं फंक्शन दोन रूपांत मिळतं. साधं रूप 'मोकळा आहे का' हे पाहणं आणि तो भरणं एका दमात करतं, मध्ये कुणालाच शिरू देत नाही. दोन अधोरेखांचं रूप ही हमी देत नाही, म्हणून ते हलकं आणि वेगवान असतं. तिने ते वेगासाठी घेतलं होतं.

आता एकाच प्लॅनवर दोन खिडक्या चालू आहेत असं समजा. दोघांनाही एफ रांगेतली १२ नंबरची खुर्ची मोकळी दिसली आणि दोघांनीही ती विकली. फाइलसिस्टीममध्ये याचा अर्थ एकच ब्लॉक दोन फाइलींना मिळाला, आणि नंतर लिहिणारी फाइल आधीचीचा मजकूर पुसणार. खुर्च्या वेगवेगळ्या असल्या तरी सुटका नाही, आणि हे मला अधिक भीतीदायक वाटतं. प्रोसेसर सुटा बिट उचलत नाही. तो अख्खी रांग, म्हणजे ६४ बिटांपर्यंतचा गठ्ठा, वाचतो, बदलतो आणि परत ठेवतो. मी १२ भरून रांग परत ठेवली, तुम्ही त्याआधी उचललेल्या जुन्या प्रतीत १५ भरून ती वर ठेवली, की माझी १२ पुन्हा मोकळी! ही फट काही नॅनोसेकंदांची असते, त्यामुळे चाचण्या सहसा हसत पास होतात.

याचा अर्थ अधोरेखांचं रूप चुकीचं असा मात्र नाही. त्या भागाचं कुलूप, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारी सोय, आधीच आपल्या हातात असेल तर तेच योग्य, ईएक्सटी४ही तसंच करते. म्हणून मी तिला एवढंच विचारलं, "कोडमधून इथे येणाऱ्या प्रत्येक वाटेवर कुलूप घेतलंय का?"

संध्याकाळी तिचं उत्तर आलं. तिला तीन वाटा सापडल्या होत्या. दोन वाटांवर कुलूप होतं. डिस्क भरत आल्यावर राखीव जागेतून ब्लॉक घेणाऱ्या तिसऱ्या वाटेवर नव्हतं. तिने दोन्ही अधोरेख काढले आणि वर एक ओळीची टीप लिहिली : 'तिसरी वाट कुलुपाविना येते.' मी बदल मंजूर केला.