गोळी आधी आली, तपासणी मागून

भाद्रपदात महालक्ष्म्या बसायच्या आधीच्या आठवड्यात परभणी-हिंगोलीकडच्या मेडिकलवर पाळी पुढे ढकलायची गोळी हमखास खपते. पुढे नवरात्रात तुळजापूरला जायचं ठरलं की पुन्हा तेच. सोवळ्यात घोटाळा नको म्हणून सासूच सुनेला आणून देते, आणि दुकानदार दर वेळी चिठ्ठी मागतोच असं नाही. या गोळीनं रक्ताची गुठळी होते का, आणि आधी रक्त तपासून ते कळतं का, हा प्रश्न आता संभाजीनगर-नांदेडातल्या मुली विचारू लागल्यात. त्याचं उत्तर शोधताना बरंच मागं, गर्भनिरोधक गोळीच्या इतिहासात जावं लागतं.

अमेरिकेत 1960 साली संततिनियमनासाठी मंजूर झालेल्या एनोव्हिड या पहिल्या गोळीत इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचं प्रमाण 150 मायक्रोग्रॅम होतं. आपल्याकडच्या माला-डी या गर्भनिरोधक गोळीत ते 30 आहे. दुसऱ्याच वर्षी इंग्लंडमधल्या डब्ल्यू. एम. जॉर्डन या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका परिचारिकेची हकीकत छापली. गर्भाशयाच्या अस्तराच्या आजारासाठी ती हीच गोळी घेत होती आणि तिच्या फुप्फुसात गुठळी अडकली. एका बाईवरून काय ठरवायचं, असं तेव्हा अनेकांना वाटलं. पण 1968 पर्यंत ब्रिटनमधल्या इनमन, व्हेसी आणि डॉल यांच्या अभ्यासांनी संबंध पक्का केला, आणि 1969 च्या डिसेंबरात तिथल्या औषध सुरक्षा समितीनं 50 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त इस्ट्रोजेनच्या गोळ्या टाळायला सांगितलं.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं मोठं पाऊल हेच. ते कुठल्याही लॅबनं उचललेलं नाही, मात्रा कमी केली एवढंच.

लॅबची गोष्ट वेगळ्या वाटेनं चालली होती. तोंडावाटे घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतातून जातं. तिथं रक्त गोठवणारे घटक वाढतात आणि गोठण्याला आवर घालणारी अँटीथ्रॉम्बिन, प्रोटीन एस ही प्रथिनं घटतात. काही घराण्यांत ही आवर घालणारी प्रथिनं जन्मतःच कमी असतात. अँटीथ्रॉम्बिनची कमतरता 1965 साली नॉर्वेत सापडली, प्रोटीन सी आणि एसची 1980च्या दशकात. 1993 मध्ये स्वीडनच्या डालबेक यांना असं रक्त दिसलं जे प्रोटीन सीला दादच देत नव्हतं. वर्षभरात नेदरलँड्समधल्या लायडन शहरात त्यामागचा जनुकीय बदल सापडला, म्हणून नाव पडलं फॅक्टर फाइव्ह लायडन. हा बदल असलेल्या बाईनं गोळी घेतली तर धोका तीस पटींच्या वर जातो, असं त्याच साली तिथल्याच संशोधकांनी दाखवलं.

मग प्रत्येकीची तपासणी करावी, असं कुणालाही वाटेल. इथं पटींचा हिशेब फसवतो. गोळी न घेणाऱ्या 10,000 बायकांपैकी वर्षाला साधारण दोघींना गुठळी होते, इस्ट्रोजेनच्या जोडीला लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे हार्मोन असलेली गोळी घेणाऱ्यांत 5 ते 7 जणींना, त्याऐवजी डेसोजेस्ट्रेल किंवा ड्रोस्पिरेनोन असलेल्या गोळ्यांत 9 ते 12 जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर धोका याहून जास्त असतो. म्हणून सरसकट तपासणी जागतिक आरोग्य संघटनाही सुचवत नाही. शिवाय लायडनचा बदल युरोपात शंभरात सुमारे पाच जणांत असतो, भारतात तो बराच विरळ. लॅबच्या तपासणी-पॅकेजमधला लायडनचा कागद ‘निगेटिव्ह’ आला म्हणून नांदेडच्या मुलीला निर्धास्त होता येत नाही.

1997 मध्ये रोझिंग यांच्या डच गटानं वेगळी चाचणी पुढं आणली. जनुक न बघता एकूण रक्त प्रोटीन सीला किती जुमानतं ते ती मोजते. गोळी सुरू होताच हा आकडा हलतो आणि गोळीच्या प्रकारानुसार कमी-जास्त हलतो. ती संशोधनात फार कामाची ठरली, गावातल्या लॅबपर्यंत काही पोचली नाही.

डी-डायमर नावाचा रक्ताचा रिपोर्ट मात्र कोरोनानं घरोघरी पोचवला. गुठळी झाल्याची शंका आली तर ती नाही हे ठरवायला तो उपयोगी पडतो. पुढं होईल का, हे त्याच्यावरून सांगता येत नाही. प्रोटीन एसचंही एक त्रांगडं आहे. हार्मोनची गोळी चालू असताना किंवा पोटात बाळ असताना ते तसंही खाली आलेलं असतं. त्या दिवसांत रक्त दिलं तर नसलेला दोष कागदावर येतो, आणि पोरीचं लग्न जमवताना तोच कागद आडवा येतो.

राहिली महालक्ष्म्यांची गोळी. 5 मिलिग्रॅम नॉरएथिस्टेरॉन दिवसातून तीनदा. नुसतं प्रोजेस्टेरॉनसारखं औषध म्हणून ती बिनधोक समजली जाते, पण एवढ्या मात्रेत तिचा काही भाग शरीरात एथिनिल इस्ट्रॅडिओल बनतो, म्हणजे माला-डीत असतं तेच इस्ट्रोजेन. बहुतेकींना त्या चार-आठ दिवसांत काही होत नाही. पण आईला किंवा मावशीला बाळंतपणात पाय सुजून गुठळी झाली होती का, स्वतःचं ऑपरेशन किंवा प्लास्टर नुकतंच झालंय का, हे विचारायला लॅब लागत नाही. घरात कुणाला तसं झालं असेल तर नेमकी कुठली तपासणी आणि कधी, हे डॉक्टर ठरवतील. आणि गोळी घेताना एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली किंवा अचानक दम लागला, तर गौरी उठायची वाट न बघता घाटीसारखं मोठं सरकारी हॉस्पिटल गाठायचं.