निपर

निपर : (सु. १८८४–१८९५). ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ (धन्याचा आवाज; संक्षेपाने एचएमव्ही) या चित्रातील कुत्रा. ग्रामोफोन कंपनीचे व पुढे एचएमव्ही या ब्रिटिश दुकानसाखळीचे बोधचिन्ह. जन्म इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे. जातीविषयी एकवाक्यता नाही. कोणी त्याला जॅक रसेल म्हणतात, कोणी फॉक्स टेरियर. अंगात बुल टेरियरचेही रक्त असलेला संकर हे मत अधिक ग्राह्य वाटते. पाहुण्यांच्या पोटऱ्यांना चावण्याच्या खोडीवरून हे नाव पडल्याचे सांगतात.

मूळ मालक मार्क बॅरॉड हे नाटकांचे पडदे रंगवीत. १८८७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर निपर त्यांचे चित्रकार बंधू फ्रान्सिस यांच्याकडे आला. १८९५ मध्ये तो मेला व किंग्स्टन अपॉन टेम्स येथे त्याला पुरण्यात आले. चित्र त्यानंतर सु. तीन वर्षांनी, आठवणीतून काढलेले आहे.

दिवंगत धन्याचा आवाज ऐकून कुत्रा टवकारला, ही लोकप्रिय कथा मात्र जपूनच घ्यावी लागते. मार्क वारले तेव्हा मेणाच्या नळकांड्यांवर आवाज भरणारा फोनोग्राफ अजून बाजारात रुळला नव्हता. कुत्रा शवपेटीवर बसला आहे, हा समज तर निराधारच होय. फेब्रुवारी १८९९ मधील स्वामित्वहक्काच्या अर्जात फोनोग्राफकडे पाहणारा व ऐकणारा कुत्रा एवढेच वर्णन आहे. मूळ चित्रात फोनोग्राफच होता. पितळी कर्णा उसना मागण्यासाठी फ्रान्सिस ग्रामोफोन कंपनीत गेले, तेव्हा तेथील विल्यम बॅरी ओवेन यांनी यंत्र बदलून आपला ग्रामोफोन दाखवल्यास चित्र घेण्याची तयारी दर्शवली. चित्राचे ५० व हक्कांचे ५० पौंड ठरले. जुन्या यंत्राच्या खुणा रंगाच्या थराखाली आजही जाणवतात. या बदलाने शीर्षकाचा आधारच काढून घेतला, याकडे सहसा लक्ष जात नाही : फोनोग्राफवर घरबसल्या आवाज भरता येई, ग्रामोफोनवर फक्त तयार तबकडी वाजे. धन्याचा आवाज त्यातून निघणे जवळजवळ अशक्यच. जाहिरातीचे त्यावाचून काही अडले नाही. फ्रान्सिस यांनी पुढे याच चित्राच्या २४ प्रती काढल्या.

लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील एचएमव्हीच्या दुकानाचे उद्घाटन संगीतकार एडवर्ड एल्गार यांच्या हस्ते १९२१ मध्ये झाले. भारतातही एचएमव्हीच्या तबकड्यांवर हेच चित्र असे.

चिन्हाचे हक्क देशपरत्वे विभागले गेले. अमेरिकेत ते व्हिक्टर कंपनीकडून आरसीएकडे गेले, तर जपानमध्ये जेव्हीसीकडे. त्यामुळे ग्रामोफोन कंपनीच्या विलीनीकरणातून निघालेल्या ईएमआयला १९५३ पासून अमेरिकेत अभिजात संगीताच्या तबकड्या ‘एंजल’ नावाने विकाव्या लागल्या. देवदूत हे कंपनीचे निपरपूर्वीचे चिन्ह होते.