जठराचा कर्करोग : आहार, आनुवंशिकता आणि कोकण

जठराच्या आतल्या अस्तरात होणारा कर्करोग. बहुतेक रुग्णांत त्याची पाळेमुळे वर्षानुवर्षे चाललेल्या दाहात असतात. हा दाह मुख्यतः हेलिकोबॅक्टर पायलोरी या जीवाणूमुळे सुरू होतो. पुढे तो किती वाढेल, हे माणसाच्या जनुकांवर आणि त्याच्या रोजच्या जेवणावर अवलंबून असते. म्हणून हा रोग का झाला, याला ‘घराण्यातच आहे’ आणि ‘खाण्यानेच झालं’ ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत.

या जीवाणूच्या शोधासाठी बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांना २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच त्याला कर्करोगकारक ठरवले होते. संसर्ग बहुधा बालपणी, घरातच होतो. भारतात तो सर्रास आढळतो, तरी मिझोरामसारखे अपवाद वगळता येथे हा कर्करोग तुलनेने कमी आहे. एकटा जीवाणू पुरेसा नसतो, हे यावरून दिसते.

जनुकांचा वाटा दोन तऱ्हांचा असतो. इंटरल्यूकिन-१ बीटा हे द्रव्य दाह वाढवते आणि जठरातले आम्लही घटवते. ते जास्त तयार करणारी जनुकरूपे असलेल्या संसर्गितांना धोका अधिक, असे २००० मध्ये दिसून आले. दुसरी तऱ्हा विरळ, पण गंभीर आहे. हा रोग ओढवू शकणारा सीडीएच-१ जनुकातला दोष आईवडिलांपैकी एकाकडून प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. जपानमधील २०२३ च्या अभ्यासात डीएनए-दुरुस्तीच्या काही जनुकांत जन्मजात दोष असून संसर्गही असलेल्यांना वयाच्या ८५ वर्षांपर्यंत हा रोग होण्याची शक्यता सुमारे ४५ टक्के निघाली. दोष नसलेल्या संसर्गितांत ती सुमारे १४ टक्के होती.

आहारातला ठळक दोषी म्हणजे मीठ. ते अस्तरावरचा श्लेष्म्याचा थर खरवडते, जीवाणूला वाट मोकळी करते. येथे कोकणच्या स्वयंपाकघराकडे नीट पाहायला हवे, कारण ‘सुकी मासळी वाईट’ असे सरसकट म्हणणे चुकीचे आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे पावसाची बेगमी आधीच होते. बोंबील आणि जवळा साधारणपणे नुसत्या उन्हात वाळवतात. खारा बांगडा मात्र वेगळा: पोट चिरून, आतडी काढून, त्यात खडे मीठ भरतात आणि मिठाच्याच थरांत तो मुरवतात. जपान, कोरिया, चीन येथील पुरावा अशा खारवलेल्या पदार्थांविरुद्ध आहे. मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्या व पापड हेही त्याच हिशेबात येतात; जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा सर्व मिळून दिवसाला ५ ग्रॅम मिठाची आहे. खारा मासा पाण्यात भिजवून ते पाणी टाकून देण्याची घरोघरची रीत त्यामुळे फार मोलाची ठरते.

त्याच पावसात उगवणारा टाकळा, कुर्डू, भारंगी या पालेभाज्या ताटात असणे हिताचे. भाज्या-फळांतले क जीवनसत्त्व जठरात कर्करोगकारक नायट्रोसो संयुगे बनण्यास अडथळा करते. पित्तावर आमसुलाचे सार घेतात. त्याने जीवाणू जात नाही, त्याला प्रतिजैविकांचा, सहसा १४ दिवसांचा, उपचार लागतो. विडी-सिगारेटने धोका वाढतो.

२०२० मध्ये चीनमधील एक लाखाहून अधिक लोकांच्या अभ्यासात ११२ जनुकीय खुणांवरून जोखीम मोजली गेली. धूम्रपान व मद्य टाळणारे, खारवलेले कमी आणि ताजी फळे-भाज्या अधिक खाणारे लोक जनुकीय जोखीम जास्त असूनही कमी आजारी पडले.

आईवडील वा भावंडांपैकी कोणाला हा रोग झाला असल्यास धोका दोन ते तीन पट होतो, कारण कुटुंबात जनुके, चूल आणि जीवाणू तिन्ही सामायिक असतात. कोकणातली कुटुंबे गाव आणि मुंबई यांत विभागलेली. ‘पोटाच्या दुखण्याने गेले’ एवढेच मागे उरते. गावाकडच्या आणि चाकरमान्यांच्या अशा मृत्यूंची नीट चौकशी करून ती माहिती डॉक्टरांना द्यावी. भूक मंदावणे, थोडक्यात पोट भरणे, वजन घटणे, काळी शौच यांपैकी काही दिसल्यास एंडोस्कोपी (दुर्बिणीने जठराची आतून तपासणी) लांबवू नये.